सापाच्या वर्षी घरी येऊ नये

हे सगळं घडलं सन दोन हजार एकमध्ये. साल पक्कं सांगते, कारण त्या वर्षी आमच्याकडे अधिक आश्विन होता आणि चिनी लोकांकडे साप होता. अधिक महिना दर तीन वर्षांनी येतो, त्याचं कौतुक नाही. साप मात्र आमच्या घरात पहिल्यांदाच आला, आणि तोही फोनवरून.

आमचा मुकुल तेव्हा सिंगापूरला होता. दोन वर्षांसाठी म्हणून गेला आणि तिथेच रुळला. तिथेच आर्या झाली, पाच वर्षांची झाली, आणि फोनवर माझ्याशी मराठीत बोलताना अडखळायला लागली. त्या वर्षी संक्रांतीला मुकुलनं सांगितलं, "आई, आम्ही परत येतोय. कायमचे." रत्नागिरीतल्याच एका कारखान्यात त्याचं काम ठरलं होतं. आर्याचं नाव जूनमध्ये इथल्या शाळेत घालायचं, आंबे संपायच्या आत सगळे घरी. मी फोन ठेवला आणि माळ्यावरची मोठी पातेली खाली काढली.

आमचे हे म्हणाले, "अजून चार महिने आहेत."

ह्यांचं नाव परशुराम. पण उभ्या आयुष्यात ह्यांनी परशू सोडा, साधी विळीही हातात धरली नाही. नोकरी सरकारी तिजोरी कचेरीत. घटना घडून गेल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय पेन्शनबरोबर घरी आली.

आता इथे मिसेस लिम येतात. त्या मुकुलच्या घरमालकीण. खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि मुकुल आणि आमची सून नीरजा कामावर गेले की आर्याला सांभाळायच्या. त्यांच्याकडे एक जाडजूड चिनी पंचांग होतं. केस कधी कापावेत, पलंग कधी हलवावा, सगळं त्यात बघून चालायचं. नीरजा विज्ञान शिकलेली. पहिल्यांदा हसायची, मग विचारायला लागली, मग विचारल्याशिवाय पडदेही धुवेना. तेव्हा परत यायचा मुहूर्तही लिमबाईच काढणार हे ओघानं आलं. सामानासाठी त्यांनी एप्रिलातला एक दिवस काढला. फार उत्तम दिवस होता म्हणे. त्या दिवशी सगळा संसार कंटेनरमध्ये भरून बोटीनं निघाला.

सामान गेल्यावर त्यांनी माणसांचा मुहूर्त बघायला घेतला. मुकुलचा पासपोर्ट मागितला, जन्मसाल बघितलं, आणि कपाळाला हात लावला. चिनी लोकांत प्रत्येक सालाचा एक प्राणी असतो, अशी बारा सालांची फिरती रांग. मुकुल निघाला डुक्कर. चालू साल सापाचं. साप आणि डुक्कर बाराच्या चक्रात एकमेकांच्या बरोबर समोर बसतात. डुकरानं सापाच्या सालात घर बदललं तर काय होतं, ते त्यांनी लहान मुलीसमोर सांगितलं नाही. फेब्रुवारीत घोड्याचं साल लागेल, तोवर हलू नका म्हणाल्या.

मुकुलनं हे मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मला राग आला तो डुकराचा. माझा मुलगा नागपंचमीला जन्मलेला. नागोबाच्या दिवशी आलेल्या पोराला साप काय करणार, आणि डुक्कर म्हणणारी ही बाई कोण? मी तसं म्हटलंही. मुकुल म्हणाला, "आई, इथे तिथी नाही धरत. साल धरतात."

पण खरी गोष्ट पुढेच होती. कारखानेवाले दसऱ्यापर्यंत थांबायला तयार होते, त्यापुढे नाही. आणि सिंगापूरच्या कंपनीनं मुकुलला वरची जागा देऊ केली होती. ती घेतली की आणखी पाच वर्षं बांधून घेणार होते. होकार-नकार ऑगस्ट संपायच्या आत. म्हणजे ह्या वर्षी आला तर आला. नाही तर पाच वर्षांनी आर्या दहा वर्षांची, हे सत्तरीचे, आणि मग कोण कुणाकडे कशाला येतं?

आमच्या समोर लवूअण्णा राहायचे. जहाजावर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायचे. हाँगकाँगला बोट लागायची, त्यामुळे चीन ह्या विषयावर आमच्या आळीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांची बायको सावित्री जास्त रोखठोक. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरमालकीण सांगत्ये घर सोडू नका, आणि तुमचा मुलगा त्याला ज्योतिष म्हणतो. काय गो मालनवैनी, आमच्या भाडेकरूंना असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही नसतो झालो श्रीमंत?"

मला ते पटलं. मग पाप वाटलं. मग पुन्हा पटलं. त्या तीन महिन्यांत माझं मत असं रोज सकाळ-संध्याकाळ बदलत होतं.

एवढ्यात सामान मुंबईच्या बंदरात येऊन लागलं. परदेशातून कायमच्या परतणाऱ्या माणसाचं सामान सोडवायचं तर तो माणूस परतायला हवा, असा सरकारचा साधा नियम. आमच्याकडे सामान होतं, माणूस नव्हता. मुकुलनं अधिकारपत्र पाठवलं, ते घेऊन हे आणि लवूअण्णा मुंबईला गेले. साहेबानं विचारलं, मालक कुठे आहे? हे खोटं बोलत नाहीत, आणि खरं सांगायची सोय नव्हती. शेवटी साहेब म्हणाला, विलंबाचं कारण लिहून द्या. ह्यांनी आपल्या कचेरीच्या वळणदार अक्षरात लिहिलं, "सापामुळे येणे लांबले आहे." साहेबानं ते वाचलं आणि त्याचा चेहराच बदलला. उठून ह्यांना खुर्ची दिली. आता प्रकृती कशी आहे, असं विचारलं. हे म्हणाले, "तशी बरी आहे. पण फेब्रुवारीपर्यंत हलायचं नाही म्हणतात." साहेबाचा चुलता म्हणे असाच शेतात साप चावून गेला होता. सामान त्याच दिवशी सुटलं. घरी आल्यावर दोन दिवस हे जेवताना मध्येच थांबायचे. आपण नियमात राहून काहीतरी बेकायदा केलं, ही टोचणी त्यांना लागली होती.

जून उजाडला. ट्रक भर पावसात दारात आला. आळी छत्र्या घेऊन जमली. खोकी आत गेली, फ्रीज गेला, आर्याची सायकल गेली. सोफा मात्र जाईना. हा एवढा कातडी सोफा, काटकोनात वळलेला, रंगाला दुधावरच्या सायीसारखा. आमचा दरवाजा बेताचा. सोफा उभा करून बघितला, आडवा करून बघितला, तिरका घातला तेव्हा अडकलाच आणि अर्धा तास घरातली माणसं घरात, बाहेरची बाहेर. दार काढा, असं एक मत पडलं. चौकट काढा, असं दुसरं. लवूअण्णांच्या मते सिंगापूरच्या सोफ्याला एक गुप्त खिट्टी असते. ती शोधण्यात त्यांचं बोट चेमटलं. अखेर सोफा पडवीत ठेवला आणि वर प्लास्टिक घातलं.

कोकणातल्या पावसात कातडं ठेवलं की काय होतं ते सिंगापूरवाल्यांना ठाऊक असायचं कारण नाही. आठवड्यात सोफ्यावर बुरशी धरली. दोन आठवड्यांत तो पोपटी झाला. खोबरेल तेल लावा म्हणाले, लावलं, मुंग्या आल्या. ऊद घाला म्हणाले, घातला. आता त्याला ओल्या देवळाचा वास यायला लागला. पण बसायला फार मऊ. संध्याकाळी आळीतली माणसं आपापलं फडकं घेऊन यायची, सोफ्यावर अंथरायची आणि मुकुल का येत नाही ह्याची चर्चा करायची. माझाच मुलगा, माझाच सोफा, आणि चहा करून करून मीच उभी.

लवूअण्णांकडे हाँगकाँगची एक पत्र्याची थाळी होती, कडेनं बारा प्राणी काढलेली. ती घेऊन ते सोफ्याच्या कोपऱ्यात बसायचे आणि बोटानं सालं मोजत एकेकाचा प्राणी काढून द्यायचे. मी घोडा निघाले. घरातलं सगळं ओझं बघता मी ते मान्य केलं. हे निघाले उंदीर. ह्यांनी वर्तमानपत्राच्या आडून विचारलं, "शेपटी लांब की आखूड?" त्यापलीकडे ह्या विषयात ह्यांनी काही भाग घेतला नाही.

मी मात्र कंबर कसली. लिमबाईंच्या शास्त्राला उतारा आपल्या शास्त्रात असणारच. मी धोंडूभटजींना बोलावलं. भटजी आनंदले, रोजच्या सत्यनारायणापेक्षा वेगळं काम. म्हणाले, सर्पशांती करू. पण संकल्पापाशी गाडं अडलं. संकल्पात कर्ता कुठे आहे ते सांगावं लागतं. भरतवर्षात आहे म्हणावं तर खोटं, आणि सिंगापूर कुठल्या द्वीपात बसवायचं ते त्यांच्या पोथीत नव्हतं. शिवाय हा साप आपल्या अष्टनागांपैकी नाही, त्याचं नाव काय घ्यायचं? "आणि संस्कृतात सांगितलेलं त्याला पोचेल का, ही एक शंका," भटजी म्हणाले. शांती बारगळली. दक्षिणा मी दिली, शंकेची म्हणून.

मग मी दोन्ही शास्त्रांना चालेल असा एखादा तरी दिवस शोधायला बसले. भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. आमचे वाईट दिवस मी लाल पेन्सिलीनं खोडायचे, मुकुल फोनवर चिनी सांगेल ते निळीनं. आमचा चातुर्मास, नव्या संसाराला नको. पितृपंधरवडा नको. अधिक महिना नको. आणि त्यांचा सातवा महिना भुतांचा. तेव्हा पाताळाची दारं उघडतात आणि भुतं वर येऊन फिरतात, म्हणून त्यात घर कुणी बदलत नाही. एरवी हा त्यांचा महिना आपल्या श्रावणाबरोबर येतो. पण त्या साली त्यांनी आपला जादा महिना उन्हाळ्यातच उरकून टाकला आणि आमचा आश्विनात यायचा होता. त्यामुळे त्यांची भुतं पुढे सरकून थेट आमच्या भाद्रपदात. गणपती आणि भुतं एकाच मुक्कामाला. मी पेन्सिली खाली ठेवल्या तेव्हा कॅलेंडरवर पांढरा म्हणून उरला होता तो फक्त कडेचा समास. आणि डुकराला तर सबंध सालच बंद होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

नागपंचमी आली. मुकुलचा तिथीनं वाढदिवस. तो नव्हता, तरी मी हळदीच्या पानातल्या पातोळ्या केल्या. सावित्रीचा सुजय आणि मुकुल जोडीचे, म्हणून तिच्याकडेही द्यायच्या होत्या. पण ती दोघं संध्याकाळी आमच्याच सोफ्यावर होती. मी तिथेच ताटली दिली. खाता खाता सावित्री नवऱ्याला म्हणाली, "साऱ्या आळीची जनावरं काढलीत. स्वतःच्या मुलाचं बघितलंत का कधी?"

लवूअण्णांनी थाळीवर बोट फिरवलं. "सुजय दुष्काळाच्या सालातला. बहात्तर. उंदीर."

"आणि मुकुल?"

"तो ठाऊकच आहे की. डुक्कर."

सावित्रीनं पातोळी ताटलीत ठेवली. "डुक्कर कसा? मी आणि मालनवैनी शेजारशेजारच्या खाटांवर होतो. आदल्या दिवशी मुकुल, दुसऱ्या दिवशी सुजय. मला टाके होते म्हणून वैनीनं माझ्या पोराला पाजलं. एका रात्रीत साल बदललं?"

सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"हेडमास्तरांनी लिहिली ती तारीख," हे म्हणाले. "पोरगा चलाख आहे, एक वर्ष कशाला घरी बसवता म्हणाले. एक जून एकाहत्तर लिहून टाकली."

आता ह्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. त्या काळी अर्ध्या रत्नागिरीचा वाढदिवस एक जूनला. खुद्द ह्यांचाही एक जूनचाच; ह्यांचा खरा प्राणी कुठला ते देवालाच ठाऊक. मला विचाराल तर मुकुल नागपंचमीचा, एवढं मला पुरे होतं. इंग्रजी तारीख शाळेची. ती शाळेत देऊन यायची आणि विसरायची. ती पुढे पासपोर्टात शिरेल आणि सिंगापुरात एका चिनी बाईच्या हाती लागेल, असं कुणाच्या मनात आलं असतं?

"म्हणून तो आमच्या सुजयच्या एक इयत्ता पुढे," सावित्री म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "इतकी वर्षं मी सांगत होते, ह्यात काहीतरी गडबड आहे."

आमच्या फोनवरून परदेशी लागत नसे. मी पदर खोचून नाक्यावरच्या बूथवर निघाले. मागे हे, त्यांच्यामागे लवूअण्णा थाळीसकट, आणि मागून आळी. मी काचेच्या खोक्यात शिरले, बाकीचे बाहेर नाकं लावून उभे.

"मुकुल, तू डुक्कर नाहीस. उंदीर आहेस. सापाचं नि उंदराचं तुमच्या त्या चक्रात काही वाकडं नाही, लवूअण्णांनी बघितलं."

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे आता यायला हरकत नाही," तो म्हणाला. त्या आवाजात मी आनंद शोधत होते. सापडेना.

"नाही."

"आई, तो साप होता ना, ते बरं होतं गं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिथे येऊन जमलं नाही तर? कारखाना चालला नाही, नीरजाला करमलं नाही, आर्याला शाळेत कुणी चिडवलं, तर सगळं माझ्यावर. सापाचं साल म्हटलं की मला काही ठरवावंच लागत नव्हतं."

इतके दिवस मी लाल-निळ्या पेन्सिली घेऊन कुणाशी भांडत होते ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "भीती वाटते तर वाटते म्हण. आलास आणि नाही जमलं, तर परत जा. कुणी दाराला कुलूप नाही घालणार. पण येणार नसलास तर ते तू सांग. सापाकडून निरोप नको मला."

"बाबा काय म्हणतात?"

मी फोन ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो कानाला लावला. मग म्हणाले, "तुझा सोफा घेऊन जा." थोडं थांबून म्हणाले, "नाहीतर येऊन बस त्याच्यावर." आणि फोन ठेवून दिला. मला पुढचं बोलायचं होतं ते राहिलंच.

दोन रविवार फोन आला नाही. लवूअण्णांनी थाळी घरी ठेवली. सोफ्यावर माणसं येत, पण विषय पावसाचा काढत. तिसऱ्या रविवारी नीरजाचा फोन आला. म्हणाली, "आई, ह्यांनी राजीनामा दिला. आम्ही गणपतीच्या आदल्या दिवशी पोचतो. लिमआजी रडतायत. भुतांच्या महिन्यात कुणी जातं का म्हणतात." मग हळूच म्हणाली, "त्यांनी एक उपाय दिलाय. तो मात्र करूया हं."

गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणात येणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. रेल्वेला पाय ठेवायला जागा नाही. मुंबईहून गोव्याकडे जाणारी एक बस मिळाली, तिनं तिघांना महामार्गावर हातखंब्याला उतरवलं आणि ती पुढे गेली. सुजय आपला टेम्पो घेऊन आणायला गेला. टेम्पो एरवी मासळीचा. पण त्या दिवशी आमचा आणि त्यांचा गणपती कारखान्यातून आणायचा होता, म्हणून सकाळपासून चार वेळा धुतलेला. तेव्हा दारात आला तो टेम्पो असा: मागे मुकुलच्या मांडीवर आमचा गणपती, नीरजाच्या मांडीवर लवूअण्णांचा, दोन्ही गणपतींच्या तोंडांवर रुमाल, आणि मधे आर्या, छातीशी एक अननस धरून. हाच तो उपाय. घरात माणसाच्या आधी अननस गडगडत गेला पाहिजे, म्हणजे मागून भरभराट येते आणि भुतं बाहेर राहतात.

उंबऱ्यापाशी वाद पेटला. धोंडूभटजी म्हणाले, आधी गणपती. नीरजा म्हणाली, आधी अननस, मी लिमआजींना शब्द दिलाय. भटजी म्हणाले, गणपती आत असताना भुतांची काय बिशाद? मुकुलचे हात भरून आले होते, तो दोघांकडे बघत पायरीवर उभा. आर्यानं कुणाचीच वाट बघितली नाही. तिनं अननस सोडला.

पण आमची पडवी पाऊस आत येऊ नये म्हणून बाहेरच्या अंगाला उतरती. अननस उंबऱ्याला टेकला, जरा विचार केल्यासारखा थांबला, आणि उलटा फिरला. पायऱ्या उतरला, अंगणातलं खळं ओलांडलं, रस्त्यावर गेला, आणि समोरच्या उतारानं थेट सावित्रीच्या उघड्या दारातून तिच्या माजघरात. भरभराट गेली ती डोळ्यांदेखत गेली. सावित्री दारातच उभी होती. तिनं आत बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "आता नाही हो मी परत देणार."

गणपती आत गेला. त्याच्यामागून मुकुल. ह्यांनी विचारलं, "आलास?" तो म्हणाला, "आलो." मग पडवीत जाऊन सोफ्यावर बसला, आणि उठला तेव्हा मागून पोपटी होता.

अननस मागितला नाही ते चुकलंच. सुजयचे आज तीन टेम्पो आहेत आणि स्वतःचा बर्फाचा कारखाना. सावित्री त्याचं श्रेय मुलाच्या कष्टांना देते, पण दर गणपतीला एक अननस आणून माजघरात ठेवते, मी बघितलंय. लवूअण्णा गेले, थाळी त्यांनी जाताना मला दिली. धोंडूभटजी आता परदेशातल्या मुलांच्या पत्रिकेत खाली एका ओळीत चिनी प्राणीही लिहून देतात, पण आधी विचारतात, तारीख खरी की शाळेची?

मुकुलला ज्याची भीती होती तेच झालं. कारखाना दोन वर्षांत बंद पडला. मुकुल सुजयच्या बर्फाच्या कारखान्याची यंत्रं बघायला गेला, आणि आता दोघे भागीदार आहेत. म्हणजे अननसाचा अर्धा वाटा आला म्हणायचा. तिकडे परत जाण्याचा विषय एकदा निघाला तेव्हा नाही म्हणाली ती नीरजा. हे गेल्यावर वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर मुकुलनं लिहिला, त्यात जन्मतारीख एक जून. मी ती खोडली नाही. ती तारीख ह्यांनी जन्मभर निभावली होती.

सोफा पुढच्या पावसाळ्यात दार न काढता आत गेला. मिसेस लिम आल्या होत्या, घोड्याच्या सालात, मुहूर्त बघून. त्यांनी सोफ्याखाली हात घातला, एक खिट्टी ओढली आणि त्याचे दोन तुकडे झाले. लवूअण्णा महिनाभर आळीत ताठ मानेनं फिरले.

त्या मुक्कामात पातोळ्या वाढताना मी आर्याला मध्ये बसवून लिमबाईंना विचारलं, तुमचा स्वतःचा प्राणी कुठला? त्या हसायला लागल्या. लहानपणी चीनहून बोटीनं आल्या, उतरताना कारकुनानं वय विचारलं, आई वारलेली, मामाला सांगता येईना. कारकुनानं दिसेल तसं साल लिहिलं. खरं साल कुठलं ते त्यांना आजतागायत ठाऊक नाही. "मग प्राणी?" मी विचारलं. आर्यानं त्यांचं उत्तर मला सांगितलं, "लिमआजी म्हणते, बाराही चांगले आहेत. ती दर वर्षी जो सोयीचा असेल तो घेते."

मी त्यांना आणखी एक पातोळी वाढली.